वेळू, रेशीम आणि तंगूस

धरणावर गळ टाकायला निघालेली तरुण मंडळी अधूनमधून माझ्याकडे येतात. काठी किती फुटी घेऊ, दोरा किती पौंडी घेऊ, म्हणून विचारतात. बहुतेकांनी आधी फोनवर अमेरिकेतल्या सरोवरांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. मी उलट विचारतो, ‘बाबा रे, मासा कुठला धरायचाय?’ त्यावर बहुधा गप्प बसतात. दोष त्यांचा नाही. पुण्यात हौशी गळवाल्यांची सामग्री दीडशे वर्षं दुसऱ्याच्या पाण्यासाठी बेतलेली येत आली, आणि ती इथे रुळेपर्यंत इथलं पाणीच बदललेलं असायचं.

आधी मासा. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला विल्यम हेन्री साइक्स १८२४ ते १८३१ दख्खनची पाहणी करत हिंडत होता. शेती, हवामान, पक्षी, सगळंच त्याने टिपलं. नद्यांतले मासेही सोडले नाहीत. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८४१मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने सविस्तर छापला. त्यातला एक मासा पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला. त्याला त्याने ‘खुद्री’ असंच नाव दिलं. दख्खनचा महाशीर तो हाच, आणि शास्त्रात आजही त्याला तेच नाव आहे. अशी नावं साइक्सने घरी बसून तयार केलेली नव्हती, ती नदीवरच्या माणसांच्या तोंडची होती. मासे मारणारे भोई, त्यांची साधनं म्हणजे फेकजाळं, दावणीचे गळ आणि हातदोरा. काठी त्यांना फारशी लागत नसे. पोटासाठी मासा मारणारा माणूस माशाला खेळवत बसत नाही.

खेळवण्याची हौस साहेबाची. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रासकडचा सनदी अधिकारी. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३मध्ये निघालं आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या गळवाल्यांची ती पोथीच झाली. १८८७मध्ये त्याने तळ्यांतल्या मासेमारीवर वेगळं पुस्तक काढलं. वाहत्या पाण्यातली काठी तळ्यावर चालत नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. महाशीर खळाळात राहणारा. गळ लागल्यावर पहिल्याच धावेत तो शेकडो फूट दोरा ओढून नेतो. घशातले दात असे की कच्चा गळ चुरून टाकतो. त्याच्यासाठी दणकट काठी, भिंगरीवर शंभर-दीडशे वार दोरा आणि जाड तारेचा गळ हवा. तळ्यातल्या रोहूला यातलं निम्मंही लागत नाही.

जुन्या बाजारात एका रविवारी मला अशीच एक साहेबी काठी मिळाली. तीन तुकडे, जोडाला पितळी टोप्या. नीट पाहिल्यावर कळलं की ती गोल नव्हती, षट्कोनी होती. वेळूच्या सहा निमुळत्या पट्ट्या तासून, चकचकीत पाठ बाहेर ठेवून सरसाने चिकटवलेल्या, आणि बोट-बोट अंतरावर रेशमाचे वेढे. टोकाकडच्या तुकड्यात दमटपणाने सरस सुटला होता. आपल्या पावसाळ्यात तो सुटणारच. पाठीवर तपकिरी जळके डाग होते. ते डाग म्हणजे ओळखपत्र. विलायतेत आणि अमेरिकेत पहिल्या काळात अशा काठ्या ज्या वेळूच्या होत, त्याला तिकडे ‘कलकत्ता केन’ म्हणत, आणि तो बऱ्याचदा असा भाजलेलाच मिळे. झाड कुठलं, तर आपला मानवेल. पुढे चिनी ‘टोंकिन’ बांबूने त्याला मागे टाकलं. म्हणजे वेळू इथल्या रानातला, तासला तिकडे, आणि काठी होऊन साहेबाच्या सामानात बसून परत पुण्यात. बुरूड आळीत तेव्हा त्याच वेळूच्या टोपल्या विणल्या जात असणार.

दोऱ्याची तऱ्हा याहून नाजूक. विणलेलं रेशीम जवसाच्या तेलात मुरवलेलं असे. प्रत्येक वेळी नदीवरून आल्यावर ते भिंगरीवरून उतरवून सावलीत वाळवायचं, नाहीतर कुजून ऐन झटक्याला तुटायचं. गळाजवळचा पारदर्शक दोरा स्पेनमधून येई, तो रेशमाच्या किड्याच्या पोटातल्या ग्रंथी ताणून केलेला. कोरडा असताना तो काचेगत मोडायचा, म्हणून गाठ मारण्याआधी भिजत ठेवायचा. पुण्याच्या एप्रिलमध्ये या दोऱ्याची निगा राखणं हे मासा धरण्यापेक्षा कठीण काम असावं.

इकडे पाणी अडत चाललं होतं. बंडगार्डनचा बांध १८५०मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून झाला. खडकवासल्याचं काम १८६९च्या सुमारास सुरू झालं, आणि त्या तळ्याला अभियंता फाइफचं नाव मिळालं. मग भाटघर. मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१मध्ये मावळे आणि सेनापती बापट उभे राहिले, तरी धरण झालंच. आज तिथे गळ टाकणाऱ्याने पाण्याखाली कोणाची भातखाचरं आहेत, हे एकदा तरी आठवावं. पुढे पानशेत. १२ जुलै १९६१ला ते फुटलं आणि खडकवासल्यालाही घेऊन गेलं, हे पुणेकराला सांगायला नको.

फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने १९४२मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी दिली. त्यानंतर शहरातल्या मुठेत सांडपाणी वाढत गेलं. धरणांत कटला, रोहू सोडले गेले, चिलापी आली. खळाळातला महाशीर शहराच्या नदीतून गेला. टाटांच्या वीज कंपनीने १९७०पासून लोणावळ्याला वळवण तलावाशी महाशिराची पैदास केली, मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने. काम मोठंच. पण तिथली पिल्लं देशभर सोडताना कावेरीतही गेली आणि तिथल्या मूळच्या कुबडधारी महाशिराला डोईजड झाली. आपला मासा वाचवताना दुसऱ्याच्या नदीचं नुकसान झालं, हेही लिहून ठेवायला हवं.

याच काळात तंगूस आला. नायलॉनच्या दोऱ्याला आपल्याकडे सगळे तंगूसच म्हणतात. ना तेल, ना वाळवणं, आणि स्वस्त. त्याने रेशीम तर संपवलंच, पण गळ टाकणं ही साहेबाची किंवा राजेरजवाड्यांची मिरास राहिली नाही. कारखान्यातला कामगार सुटीला सायकलवर बांबू बांधून खडकवासल्याला जाऊ लागला तो तंगुसामुळे. माझ्या मते पुण्याच्या गळाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना ती, महाशीर नव्हे.

आता त्या व्हिडिओंतल्या ‘डायव्हिंग प्लॅनर’बद्दल. तळहाताएवढी प्लॅस्टिकची तबकडी चालत्या होडीमागे तिरकी ओढतात. पतंग जसा वाऱ्यावर वर चढतो, तशी ती पाण्याच्या दाबाने खाली आणि बाजूला जाते, मागचं आमिष खोल नेते. मासा लागला की खटका सुटतो आणि तबकडी आडवी पडते. तिची ओढ जबर, म्हणून काठी नऊ-दहा फुटी आणि दणकट हवी. दोरा न ताणणारा, विणलेला हवा, कारण तंगूस लांबतो आणि दूरचा खटका हिसक्याने सुटत नाही. हे शास्त्र अगदी बरोबर आहे, पण मिशिगन सरोवरासाठी. तिथे १९६६मध्ये कोहो सॅमन सोडले. उन्हाळ्यात ते थंड पाण्यासाठी खोल उतरतात, म्हणून त्यांच्यामागे तबकडी उतरवावी लागते. आपला कटला वरच्या थरात बारीक जीव गाळून खातो, मरळ काठच्या गवतात दबा धरून बसतो, वाम तळाशी दगडांत. अधांतरी खोल पाण्यात झेप घेणारा शिकारी मासा खडकवासल्यात तुम्ही कुठे शोधणार? शिवाय पिण्याच्या पाण्यावर मोटारबोटीच्या घिरट्या घालू कोण देणार?

म्हणून पुण्याच्या धरणांसाठी माझं उत्तर साधं आहे. काठावरून टाकायला सात-आठ फुटी, मधल्या ताकदीची काठी, बारा ते पंधरा पौंडी तंगूस, कणकेचा गोळा. मरळ हवा असेल तरच विणलेला दोरा, कारण तो मासा गवतात शिरतो. महाशीर चुकून लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या. आणि निघण्याआधी त्या तलावाचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून त्यांची परवानगी घ्या, कारण पाण्यातला मासा त्यांच्या पोटाचा आहे.