मातीच्या ढेकळापासून खरेदीखतापर्यंत

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाखेरीज कोणीही जमिनीचा आजच्या अर्थाने मालक नव्हता. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर सर्व भूमी राजाची आणि बाकीचे सारे तिचे धारक, हे तत्त्व तेथे रूढ झाले. राजाकडून सरदाराकडे, सरदाराकडून त्याच्या मांडलिकाकडे आणि शेवटी कुळाकडे अशी ही साखळी असे. खेड्यातील बांधील कुळाला धन्याच्या शेतावर वेठ करावी लागे आणि त्याच्या संमतीवाचून जमीन दुसऱ्याला देता येत नसे. सनद मिळालेल्या नगरांत मात्र निराळी व्यवस्था होती.

नगरातील या जमीनधारणेला ‘बर्गेज’ म्हणत. नगरवासी आपल्या भूखंडाबद्दल वेठीऐवजी ठरावीक रोख खंड भरी. भूखंड वारसांकडे जाई आणि विकताही येई. वूस्टरच्या बिशपने ११९६ मध्ये स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे नगर वसविले, तेव्हा सुमारे ५८ फूट रुंद आणि १९८ फूट लांब असे भूखंड आखण्यात आले. प्रत्येकाचा वार्षिक खंड १२ पेन्स होता. रस्त्याच्या बाजूला दुकान व घर, मागे परसू, अशी या लांबट भूखंडांची रचना असे. अनेक जुन्या इंग्लिश नगरांच्या नकाशात या रेषा आजही ओळखता येतात.

पहिल्या हेन्रीच्या (११०० ते ११३५) काळातील न्यूकॅसलच्या रूढी या बाबतीत बोलक्या आहेत. तेथील नगरवासी आपली जमीन विकून हवे तेथे जाऊ शके; फक्त तिच्यावर कोणाचा दावा चालू नसावा. वर्ष आणि एक दिवस एवढा काळ जमीन निर्वेध ताब्यात राहिली, तर पुढे उठलेल्या दाव्याला उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नसे. दावेदार त्या काळात परदेशी किंवा अज्ञान असेल, तर मात्र अपवाद होता. खेड्यातून आलेले बांधील कूळही एवढीच मुदत नगरात राहिले, तर धन्याच्या बंधनातून मुक्त होई. नगरातील भूखंड ही अशा रीतीने केवळ मालमत्ता नव्हती. स्वतंत्र माणूस म्हणून जगण्याचा तो आधार होता.

हस्तांतरणाचा मूळ विधी कागदाचा नव्हता. विकणारा आणि घेणारा साक्षीदारांसह त्या जागेवर जात. तेथे विकणारा मातीचे ढेकूळ, डहाळी, किल्ली किंवा दाराची कडी घेणाऱ्याच्या हाती देई. यालाच ‘लिव्हरी ऑफ सीझिन’, म्हणजे ताबा सुपूर्द करणे, असे नाव होते. हक्क या कृतीने पालटे. मोहोरबंद दस्तऐवज हा तिचा पुरावा मानला जाई. लॅटिनमधील या दस्तऐवजात जागेच्या चतुःसीमा, खंडाची रक्कम आणि साक्षीदारांची नावे येत. साक्षीदारांत नगराध्यक्ष व नगराचे अधिकारी असत, कारण पुढे वाद झाला तर तो त्यांच्यासमोरच यावयाचा असे.

खोट्या दस्तऐवजांना आळा घालण्यासाठी एक साधी युक्ती होती. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहून मधून नागमोडी कापीत. दोन्ही तुकडे जुळले, तर दस्त खरा. दातेरी कडेवरूनच ‘इंडेंचर’ हा शब्द आला. ११९५ पासून राजन्यायालयातील अशा तडजोडपत्रांची तिसरी प्रत सरकारी खजिन्यात ठेवण्यात येऊ लागली. ही पद्धत १८३३ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकली. लंडनमध्ये ‘हस्टिंग’ न्यायालयात दस्तांची नोंद होई आणि तेथील नोंदपटांचा आरंभ १२५२ चा आहे.

विक्रीत सर्वांत नाजूक प्रश्न पत्नीचा असे. पतीच्या जमिनीच्या सामान्यतः एक-तृतीयांश भागावर विधवेचा हयातभर हक्क होता. पतीने परस्पर विक्री केली, तर ती पुढे खरेदीदारावर दावा लावू शके. म्हणून अनेक नगरांत पत्नीला पतीपासून दूर नेऊन, तिची संमती दबावाखाली नाही ना, अशी विचारणा करीत. काही नगरांत विक्रीपूर्वी नातेवाइकांना ती जागा घेण्याची पहिली संधी द्यावी लागे.

वारशाच्या रूढीही नगरागणिक बदलत. नॉटिंगहॅमच्या इंग्लिश वस्तीत धाकटा मुलगा वारस ठरे, तर फ्रेंच वस्तीत थोरला. मृत्युपत्राने जमीन देण्याची मुभा देशाच्या सर्वसाधारण कायद्याने १५४० मध्ये दिली. अनेक नगरांत ती रूढीने शतकानुशतके आधीपासून होती. पण धर्मसंस्थांकडे गेलेली जमीन पुन्हा बाजारात येत नसे आणि तिच्यावरील वारसाकरादी उत्पन्नही बुडे. म्हणून १२७९ च्या कायद्याने अशा दानांना मनाई केली आणि पुढे त्यासाठी राजाचा परवाना घ्यावा लागू लागला. १२९० च्या कायद्याने खरेदीदार थेट विक्रेत्याच्या जागी येईल असे ठरविले. मध्ये नवा धनी निर्माण करण्याची वाट बंद झाली.

१६७७ मध्ये लेखी दस्त आवश्यक झाला, १८४५ मध्ये केवळ दस्ताने हस्तांतरण पुरेसे ठरले आणि १९२५ च्या कायद्यांनी जुन्या रूढींचे अवशेष मोडीत काढले. या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक यांनी पोर्तुगीजांकडून बेटाचा ताबा घेतला, तो हाती माती आणि दगड घेऊनच. २७ मार्च १६६८ च्या सनदेने दुसऱ्या चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. इंग्लंडमधील ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीतील जमीन ज्या अटींवर धारण केली जाई, त्याच अटींवर हे बेट देण्यात आले. वार्षिक खंड होता १० पौंड, सोन्याच्या नाण्यांत.