वजिराची राणी झाली तेव्हा

मोबाईलवर बुद्धिबळ खेळताना माझा एक मोहरा दोन नावांनी वावरतो. ॲप त्याला ‘क्वीन’ म्हणतं, मी ‘वजीर’. आजोबांनी खेळ शिकवला तेव्हा पटावर राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे, प्यादी होती. बाई एकही नव्हती. मग ही राणी आली कुठून?

मूळ खेळ भारतातला, ‘चतुरंग’. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही सैन्याची चार अंगं, आणि राजाशेजारी मंत्री. खेळ इराणात गेला आणि फारसी शब्द घेऊन परतला. ‘शाह’ म्हणजे राजा, त्यावरून ‘शह’. म्हणजे “राजेसाहेब, सांभाळा” असा इशाराच. ‘मात’ म्हणजे हतबल. राजा मरत नाही, त्याला हलायला जागा उरत नाही. शह-काटशहाचं राजकारण, संकटावर मात, हे शब्द तर पट कधी न पाहिलेली माणसंही बोलतात.

मंत्र्याचा इराणात ‘फर्झीन’ झाला, आपल्याकडे ‘वजीर’. पण तेव्हा तो दुबळा होता; चाल तिरपी, एकाच घराची. अरबांमार्फत खेळ युरोपात पोहोचला आणि तिथे या मोहऱ्याला राणी म्हणू लागले. सुमारे १००० सालच्या एका लॅटिन कवितेत ती भेटते. नाव मिळालं, चाल मात्र तीच राहिली. ताकद मिळायला आणखी पाचेकशे वर्षं लागली. १४७५च्या सुमारास स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात ती सरळ, तिरपी, हवी तितकी घरं धावू लागली. इटलीत या नव्या खेळाला चक्क ‘पिसाळलेलं बुद्धिबळ’ म्हणत!

ती चाल आपल्याकडेही आली, नाव वजीरच राहिलं. त्याचं मला फार वाटलं नसतं; पण पटासमोर बसण्यासाठीही बाईला झगडावं लागलं. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. २०२५ साली नागपूरची दिव्या देशमुख एकोणिसाव्या वर्षी महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

भाचीला खेळ शिकवताना मी अजूनही ‘वजीर’च म्हणते, जिभेला तेच वळण आहे. पण त्याची राणी कशी झाली, हे सांगितल्याशिवाय पट मांडत नाही.