मोडक्या पिस्टनांची फळी

‘इंडियन’ नावाची एक अमेरिकन मोटरसायकल होती. भारताशी तिचा संबंध नावापुरताच! तिचे ‘स्काऊट’ मॉडेल 1920 साली न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकारगिल गावात बर्ट मन्रो या तरुणाने विकत घेतले. वेग ताशी जेमतेम 55 मैल. पुढची कित्येक दशके तो ही गाडी घरच्या शेडमध्ये खोलत आणि जोडत राहिला.

हाताशी पैसा नव्हता. पिस्टन तो जुन्या डब्यांचे साचे करून घरीच ओतायचा. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून घडवले. मायक्रोमीटर हवा होता, तो सायकलच्या स्पोकपासून केला. साहजिकच पिस्टन वितळायचे, रॉड तुटायचे, इंजिन फुटायचे. ते तुकडे त्याने फेकले नाहीत. शेडमधल्या फळीवर मांडून ठेवले आणि त्यावर लिहिले की हा वेगाच्या देवाला चढवलेला नैवेद्य आहे!

1967 मध्ये 68 वर्षांच्या मन्रोने अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर याच गाडीवर 1000 सीसीखालच्या गटात ताशी 183 मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. 2005 मध्ये त्याच्यावर सिनेमाही निघाला.

मला मात्र ती फळी विक्रमापेक्षा मोठी वाटते. आपल्या मोहल्ल्यातल्या मेकॅनिकचे बिघडलेले प्रयोग भंगारवाला उचलून नेतो. त्याच्या हुनराचा इतिहास लिहायचा तर कशावरून?

मन्रोच्या विक्रमातही चूक निघाली. सरासरीचा हिशेब चुकल्याचे त्याच्या मुलाने दाखवून दिले आणि 2014 मध्ये आकडा 184.087 असा सुधारला गेला. मन्रो 1978 सालीच वारला होता.