फर्नांडिस, आर्मिडा

नवजात शिशुतज्ज्ञ, अध्यापक आणि मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता. या रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झालेली आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी ही त्यांची सर्वपरिचित कामगिरी. परंतु तेवढ्यावरून त्यांच्या कार्याचे मोल कळत नाही. अशक्त अर्भक तगते ते मुख्यतः परिचर्येवर, आणि त्या परिचर्येत आईला स्थान नसेल तर यंत्रसामग्री तोकडी पडते, हा त्यांच्या कामामागचा विचार होता. परळला मुलांसाठी १९२९ पासून वाडिया रुग्णालय आहे; शीवचे रुग्णालय सर्वसाधारण, धारावीला लागून असलेले. कमी वजनाची बाळे पुष्कळ, परिचारिका मोजक्या, त्यात बाटलीने पाजलेल्या वरच्या दुधातून होणारा जंतुसंसर्ग. फर्नांडिस यांनी वरचे दूध बंद केले, आयांना कक्षात घेतले आणि बाळाची निगा राखायला शिकवले. ज्या बाळाला आईचे दूध मिळत नव्हते, त्याच्यासाठी इतर मातांचे दूध साठवणे मग ओघानेच आले. दात्या मातांची तपासणी आणि ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास पाश्चरीकरण केल्याने असे दूध सुरक्षित होते. मात्र त्यातले काही संरक्षक घटक घटतात, म्हणून आईचे स्वतःचे दूध पहिले आणि पेढीचे त्यानंतर, हा क्रम मोलाचा.

परिचारिकांची उणीव आयांच्या माथी मारली, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो वजनदार आहे. मात्र आईची उपस्थिती ही गरिबांसाठी काढलेली पळवाट नव्हे, हे पुढच्या पुराव्याने दाखवले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील चाचणीत कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या त्वचेशी धरून अतिदक्षता विभागात दोघांना एकत्र ठेवले. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के राहिले. त्या कक्षांत प्रशिक्षित परिचारिकाही होत्या, हे विसरून चालणार नाही. आई आली म्हणून परिचारिकेचे पद रिकामे ठेवण्याला या पुराव्यात कोणताही आधार नाही. उलट शिकवणे आणि धोक्याची लक्षणे वेळीच ओळखणे या कामांसाठी तिची गरज वाढते.

१९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. नेपाळच्या मकवानपूरमध्ये महिला गटांच्या बैठकांमुळे नवजात मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तोच मार्ग ‘स्नेहा’ने लंडनच्या संशोधकांसह मुंबईच्या ४८ वस्त्यांत तपासला. २०१२ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष प्रतिकूल होता: गरोदरपणातील तपासण्या, स्तनपान, उपचार घेणे, कशातही गटांमुळे सुधारणा दिसली नाही. हे अपयश मानून त्यांचे कार्य नाकारणे चुकीचे ठरेल. पुराव्यावर आधारलेली सेवा म्हणजे आपल्या आवडत्या उपायालाही नापास होण्याची मुभा देणे; अनुकूल तेवढेच छापणाऱ्या क्षेत्रात हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. शिवाय या वस्त्यांतली बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयांत होत होती. तिथे खरा प्रश्न उरतो तो रुग्णालयातल्या सेवेच्या दर्जाचा, आणि अत्यवस्थ बाळंतिणीला प्रसूतिगृहातून मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचवण्याचा. महापालिकेच्या दवाखान्यांना, प्रसूतिगृहांना व रुग्णालयांना जोडणारी संदर्भसेवा उभारण्यातही ‘स्नेहा’चा वाटा आहे.