एका पायावर उभं राहण्याचा इतिहास

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून.

भांडुप पश्चिमेला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी सकाळी योग शिकवतो. भांडुपहून रोज गर्दीची लोकल पकडणाऱ्यांना एका पायावर उभं राहायला वेगळं काय शिकवायचं, असं मला वाटायचं. म्हणून एकदा हौसेने सगळ्यांना थेट अर्धचंद्रासनात नेलं. एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत, एक हात खाली, एक वर. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा तोल गेला. लागलं नाही, पण म्हणाल्या, "बाळा, हे आमच्या वयाचं नाही रे." पुढचे दोन रविवार त्या आल्याच नाहीत.

मग मी बी. के. एस. अय्यंगारांचं १९६६ सालचं 'लाइट ऑन योगा' काढून बसलो. अय्यंगारांचा जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेळ्ळूरचा. लहानपण सगळं आजारपणात गेलं. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि पुणेकरच झाले. पुढे कित्येक वर्षं ते शनिवार-रविवारी मुंबईत येऊन वर्ग घ्यायचे.

या पुस्तकात त्यांनी प्रत्येक आसनाला अवघडपणाचा आकडा दिलाय, १ ते ६०. ताडासन १, वृक्षासन १, त्रिकोणासन ३, पार्श्वकोनासन ४, अर्धचंद्रासन ५. बघा, अख्खा क्लास इथेच आखून दिलाय! वृक्षासनात तळपायाला एकट्याने भार पेलायची सवय होते. त्रिकोणासनात मांडीची मागची बाजू मोकळी होते. पार्श्वकोनासनात गुडघा वाकतो आणि तसाच गुडघा वाकवून आपण अर्धचंद्रासनात शिरतो. मी मात्र मधल्या पायऱ्या गाळल्या होत्या.

अजून एक गोष्ट. १९७९ मध्ये अय्यंगारांना स्कूटरचे अपघात झाले. जगाला योग शिकवणारा हा साठीतला माणूस पुन्हा साध्या आसनांपासून शिकायला बसला. भिंत, लाकडी विटा, पट्टे यांचा आधार त्यांनी कधी कमीपणाचा मानला नाही.

हे सगळं मी काकूंच्या घरी जाऊन सांगितलं, आधी माफी मागून.

परवाच्या रविवारी त्या आल्या. चाळीस मिनिटं आम्ही फक्त पायऱ्या चढलो. शेवटी पाठ भिंतीला, हात विटेवर, आणि काकूंचा पाय वर! पाच श्वास. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "आता दुसरी बाजू घे."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत तोल सांभाळा!