सेलेनियमचे वाचन

‘संवेदनशील’ हा शब्द समीक्षेत आम्ही फार सैलपणे वापरतो. विद्युत्‌शास्त्रात मात्र संवेदनशीलतेचे माप घेता येते. प्रकाश पडला की ज्याचा विद्युत्‌रोध घटतो, त्या घटकाला प्रकाशसंवेदी रोधक म्हणतात. त्याचा इतिहास चाळताना संवेदन आणि वाचन यांतील अंतर आम्हांला नव्याने जाणवले.

बर्झेलियस यांना स्वीडनमध्ये 1817 साली सापडलेल्या मूलद्रव्याला चंद्रवाचक ग्रीक शब्दावरून ‘सेलेनियम’ हे नाव मिळाले. प्रकाशाशी त्याचे नाते मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ अज्ञातच राहिले. 1870च्या दशकात इंग्रज अभियंते विलोबी स्मिथ यांना समुद्रात उतरणाऱ्या तारेची चाचणी अखंड चालू ठेवण्यासाठी फार मोठा आणि स्थिर रोध हवा होता. त्यासाठी त्यांनी सेलेनियमच्या बारीक कांड्या काचेच्या नळ्यांत बंद केल्या. रोध मोठा मिळाला. स्थिर मात्र मिळेना. एकाच कांडीची मापे वेळोवेळी बदलत.

ही कांडी सदोष ठरवून टाकून देणे सोपे होते. स्मिथ यांनी बदलाचे कारण शोधले. सरकते झाकण असलेल्या पेटीत, अंधारात, रोध सर्वाधिक आणि बराच स्थिर राही. झाकण काढताच वाहकता प्रकाशाच्या तीव्रतेनुसार 15 ते 100 टक्क्यांनी वाढे. हा उष्णतेचा परिणाम असावा, ही शंका फेडण्यासाठी त्यांनी प्रकाश पाण्याच्या थरातून सोडून पाहिला. निष्कर्ष तोच आला. फेब्रुवारी 1873 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. त्यांचे सहायक जोसेफ मे यांचेही नाव या शोधाशी जोडले जाते.

कारणमीमांसेला पुढचे शतक उजाडावे लागले. अर्धवाहकात बहुतेक इलेक्ट्रॉन बांधलेले असतात. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण एखाद्या इलेक्ट्रॉनला मोकळा करतो. त्याची रिकामी झालेली जागाही प्रवाह वाहण्यास साहाय्य करते. वाहक वाढले की रोध उतरतो. अंधार होताच ते पुन्हा जोड्या जुळवतात. मात्र त्याला वेळ लागतो, म्हणून हा घटक काहीसा मंद असतो.

या मंदपणासकट सेलेनियमने मोठी कामे केली. 1880 साली ग्रॅहॅम बेल आणि टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रकाशाच्या झोतावरून मानवी आवाज सुमारे 213 मीटर अंतरावर पोहोचवला. आम्हांला मात्र अधिक मोलाचे वाटते ते फूर्निए द’आल्ब यांचे ‘ऑप्टोफोन’. अंधांना छापील मजकूर ऐकू यावा, हा त्याचा हेतू. निरनिराळ्या कंपनांचे प्रकाशकिरण ओळीवरून सरकत. कागदावरून परतणारा प्रकाश सेलेनियमवर पडे आणि श्रवणयंत्रात स्वर उमटत. सुरुवातीच्या रचनेत कोरा कागद सर्व स्वर वाजवी आणि काळे अक्षर त्यांतील काही स्वर मिटवी. म्हणजे अक्षर ओळखायचे ते स्वरांच्या अभावावरून!

मेरी जेम्सन या अंध तरुणीने 1918 साली लंडनमध्ये या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक दिले. आरंभी वेग मिनिटाला जेमतेम एक शब्द असे. दीर्घ सरावाने तो पुढे 60 शब्दांच्या आसपास गेला. ‘यंत्र वाचते’ असे सहज म्हटले जाते. ते आम्हांला मान्य नाही. सेलेनियम केवळ प्रकाशाचे चढउतार कळवत होते. मिटलेल्या स्वरांतून अक्षर, अक्षरांतून शब्द आणि शब्दांतून अर्थ उभा करण्याचे कष्ट जेम्सनबाईंचे होते.

पुढे सेलेनियमची जागा कॅडमियम सल्फाइडने घेतली. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे आपोआप लावणारा चिमुकला घटक अनेक वर्षे त्याचाच असे. त्याला अंधार कळतो, संध्याकाळ कळत नाही. स्मिथ यांच्या पेटीतही तसेच घडले होते. कांडीने फरक दाखवला. तो चूक नसून मजकूर आहे, हे माणसाने ओळखले. पाठभेद हाती आला की प्रत अशुद्ध म्हणून तो खोडणाऱ्या आम्हां साहित्याच्या अभ्यासकांना एवढे ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.