भित्र्या बहाद्दराची कुळकथा

हिंगोलीच्या छावणीत १८३० च्या आसपास हरीसिंग नावाचा एक व्यापारी राहत होता. गोऱ्या अधिकाऱ्यांशी त्याचा रोजचा देण्याघेण्याचा व्यवहार. पत अशी की मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना हवा, असं त्यानं म्हणताच मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सनं तो देऊन टाकला. मुंबईहून कापड खरंच निघालं होतं, पण ते हिंगोलीजवळच्या दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि तो स्वतः मालाबरोबर येत होता. हरीसिंगानं वाटेत त्याला गाठलं. त्याला, त्याच्या नोकरांना, जनावरं हाकणाऱ्यांना मारलं, मिळालेल्या परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत राजरोस विकला. पुढे ठग म्हणून पकडला गेल्यावर ही हकीकत त्यानं आपण होऊन सांगितली, आणि सांगताना त्याला तिची मोठी गंमत वाटत होती.

हे लिहून ठेवणारा फिलिप मेडोज टेलर. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून आला. त्या व्यापाऱ्याचीच परिस्थिती खालावलेली निघाली, म्हणून १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत शिरला. हरीसिंगाशी त्याचाही व्यवहार असे. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसं मारली जात होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली जात होती. माफीच्या साक्षीदारांनी नदीकडे जाणाऱ्या एका कोरड्या ओहोळातल्या जागा एकेक करून दाखवल्या, तेव्हा टेलर तिथे हजर होता. एकेका खड्ड्यात कितीतरी प्रेतं. शेवटी उमासे येऊन सगळ्यांनी खोदणं थांबवलं. १८३९ मध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीचं हे सगळं आलं आहे.

खड्ड्यांइतकीच मला त्या सांगण्यातल्या मजेची धग जाणवते. केलेलं पाप चवीनं सांगणारा माणूस आणि समोर बसून ते उतरवून घेणारा साहेब, ही जोडी इंग्रजी कादंबरीत पुढे फार दूर गेली. त्या वाटेवरचा सर्वांत लोकप्रिय वंशज म्हणजे हॅरी फ्लॅशमन.

जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझर या पत्रकारानं १९६९ ते २००५ या काळात फ्लॅशमनची बारा पुस्तकं लिहिली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला हा लष्करी अधिकारी. दिसायला रुबाबदार, घोड्यावर पक्का, कोणतीही भाषा चटकन उचलणारा, आणि अंतर्बाह्य भित्रा. तोफेचा आवाज आला की याच्या पोटात गोळा उठतो. पळायला वाट असेल तर पळतो, नसेल तर दुसऱ्याला पुढे ढकलतो. पहिल्या पुस्तकात तो १८४२ च्या काबूलहूनच्या माघारीत सापडतो. जलालाबादजवळच्या एका लहानशा किल्ल्यात हडसन नावाचा सार्जंट एकटा झुंज देत असतो आणि फ्लॅशमन अंथरुणात भीतीनं गारठलेला असतो. शेवटी शत्रूच्या हाती निशाण देऊन जीव वाचवावा म्हणून तो ते घेऊन निघतो, आणि त्याच क्षणी सुटकेची फौज येते. हडसन मेलेला, हा निशाणासकट कोसळलेला. झालं, निशाण राखणारा वीर! लंडनला गेल्यावर राणीच्या हातून पदक. म्हातारपणी हा मानमरातबानं लदलेला सरदार आपल्या आठवणी लिहायला बसतो आणि आयुष्यात प्रथमच खरं बोलतो. साऱ्या पुस्तकांचा जीव या एका खरेपणात आहे.

फ्लॅशमन मुळात फ्रेझरचा नाही. टॉमस ह्यूझच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत रग्बी शाळेतल्या लहान पोरांना छळणारा एक दांडगट मुलगा आहे; दारू पिऊन सापडतो म्हणून हेडमास्तर डॉ. अर्नोल्ड त्याला शाळेतून काढतात. तिथून तो ह्यूझच्या पुस्तकातून नाहीसाच होतो. हे पुस्तक निघालं १८५७ साली. शंभरावर वर्षांनी फ्रेझरला प्रश्न पडला की या मुलाचं पुढे काय झालं असेल, आणि त्यानं त्याला पलटणीत पाठवलं.

शाळा ह्यूझची असली तरी सांगण्याचा घाट जुना आहे. लबाड माणसानं स्वतःच्या तोंडून आपली चरित्रकथा सांगायची, ही रीत स्पेनमध्ये १५५४ च्या ‘लासारिलिओ दे तोर्मेस’पासून दिसते. त्या रीतीला हिंदुस्थानची माती लावणाऱ्यांपैकी टेलर एक. त्याच्या कादंबरीतला ठग अमीर अली साहेबासमोर बसून सगळं सांगतो. टेलरच्या म्हणण्याप्रमाणे असा माणूस खरोखरच होता आणि कथाही बहुतांशी खरी, जोडकाम तेवढं आपलं. ७१९ खुनांत आपला हात होता असा हिशेब त्या माणसानं दिला, आणि मधली बारा वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, अशी खंतही केली. कादंबरीतला अमीर अली चितू पेंढाऱ्याच्या फौजेबरोबर लूटमारीलाही जातो, म्हणजे इतिहासातली माणसं आणि रचलेला निवेदक एकाच घोडदौडीत येतात. फ्लॅशमन नेमकं हेच करतो. अमीर अली मात्र शूर आहे, आणि आपल्या धंद्याला तो देवीची सेवा मानतो. फ्लॅशमनला देव नाही, धंदा नाही, फक्त कातडी आहे. व्हिक्टोरिया राणी टेलरचं पुस्तक इतक्या उत्सुकतेनं वाचत होती की छपाईचे फर्मे तयार होतील तसे तिच्याकडे जात. त्याच राणीला फ्रेझरनं पुढे आपल्या भित्र्याच्या छातीवर पदक लावायला उभं केलं.

टेलरच्या पुस्तकाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या कबुलीवर टांगलेला असे. ठगीविरुद्धचा १८३६ चा कायदा इतका कडक होता की नुसतं ठगांच्या टोळीत असणं सिद्ध झालं तरी जन्मठेप. अशा वेळी माणूस किती खरं बोलेल आणि किती साहेबाला हवं ते बोलेल, याची शंका अभ्यासकांनी घेतली आहे आणि ती रास्त आहे. कबुली ऐकणारा कोण, त्याच्या हातात काय आहे, यावर कबुलीचा रंग ठरतो. फ्रेझरनं फ्लॅशमनला म्हातारा, श्रीमंत आणि सुरक्षित करून ठेवलं. त्याचं लिखाण मेल्यानंतर सापडायचं आहे, म्हणून त्याला कुणाची भीती नाही. १९६५ मध्ये ॲश्बी इथल्या एका लिलावात चहाच्या पेटीत हे कागद मिळाले, आपण फक्त संपादक, असा बनाव फ्रेझरनं रचला, आणि तळटीपा इतक्या काटेकोर दिल्या की अमेरिकेतल्या काही परीक्षणकारांना ते अस्सल आत्मचरित्रच वाटलं.

भित्र्याच्या गळ्यात वीराची माळ पडण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. विराटपर्वातला राजपुत्र उत्तर आठवावा. अंतःपुरात बायकांपुढे बढाया, सारथी मिळाला की गायी पळवणाऱ्या कौरवांना लोळवतो म्हणून. कौरवसेना दिसताच अंगावर काटा, आणि रथातून उडी टाकून धूम. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याला धरून आणतो, सारथी करतो आणि स्वतः लढून गायी सोडवतो. इकडे राजा विराट मुलाच्या विजयाचा सोहळा मांडतो आणि वेगळं सुचवणाऱ्या कंकाला, म्हणजे युधिष्ठिराला, फासा फेकून मारतो. हे सगळं कथानक फ्लॅशमनचंच आहे. फरक एवढाच की उत्तर परत आल्यावर विजय आपला नव्हे, एका देवपुत्राचा, असं सांगतो. कीर्तनकारांनी हा प्रसंग पिढ्यान्पिढ्या लोकांना हसवत सांगितला आहे. म्हणजे भित्र्या राजपुत्रावर हसायची सवय आपल्या माणसाला होती.

आता १८५७ च्या बंडाकडे. ‘फ्लॅशमन इन द ग्रेट गेम’ (१९७५) ही कादंबरी झाशी, मीरत, कानपूर, लखनौ, ग्वाल्हेर अशी फिरते. फ्लॅशमनच्या गळ्याला त्यात ठगांचा रुमालही पडतो. फ्रेझर स्वतः दुसऱ्या महायुद्धात सतराव्या हिंदी डिव्हिजनमधून ब्रह्मदेशात लढला होता. भीतीनं घसा कसा कोरडा पडतो हे त्याला ठाऊक होतं. कानपूरची पानं वाचताना हसू आपोआप मावळतं. पण या लेखनात मराठी वाचकाला खुपणारं पुष्कळ आहे, आणि ते झाकून ठेवू नये. राणी लक्ष्मीबाईशी फ्लॅशमनचा प्रणय रंगवण्याचा जो खेळ फ्रेझर खेळतो, तो मला हीन वाटतो. पहिल्या पुस्तकात फ्लॅशमन एका अफगाण नर्तकीवर बलात्कार करतो; निवेदक नालायक आहे असं आधीच सांगून ठेवलं असलं तरी ते पान पचत नाही. साम्राज्याची लाज काढणाऱ्या या पुस्तकांत साम्राज्याच्या डोळ्यांनीच पाहिलेली माणसं जागोजागी आहेत.

त्याच झाशीत, इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा, एक मराठी माणूस खरोखर होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, म्हणून काकांबरोबर निघालेले. बंडाच्या वणव्यात सापडले, एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडताना शहरात लपून राहिले, मिळवलेला पैसा लुटीत गेला. १८८३ मध्ये त्यांनी हे सारं लिहून काढलं आणि १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं. या पुस्तकात भीती जशीच्या तशी आहे. गोडसे भटजी शौर्याचा आव आणत नाहीत आणि आपल्या घाबरण्याची लाजही बाळगत नाहीत. फ्लॅशमनला जे सांगायला बारा पुस्तकं आणि सरदारकी लागली, ते त्यांनी दक्षिणेसाठी निघालेल्या गरीब भिक्षुकाच्या साधेपणानं सांगितलं.

आणि झाशीच्या तटाबाहेर, वेढा घालणाऱ्या सर ह्यू रोजच्या फौजेत, हैदराबाद कंटिन्जंट होतं. हिंगोली हे त्या फौजेचं एक ठाणं. १८१३ मध्ये हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानं उभी केलेली रसेल ब्रिगेड हे तिचं मूळ. जानेवारी १८१९ मध्ये याच निजामी फौजेनं नोवसाजी नाईक हटकराचा नोव्ह्याचा किल्ला वेढा घालून घेतला होता. फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांकडे द्यावा लागला. जून १८५७ मध्ये औरंगाबादेत तिच्याच घोडदळानं बंड केलं, आणि दुसऱ्या वर्षी तिच्याच पलटणी झाशी, काल्पी करत ग्वाल्हेरपर्यंत गेल्या. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झालं. त्याच्या पायदळाचा वारसा आज कुमाऊँ रेजिमेंटकडे आहे. हिंगोलीत रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं अजून बोलण्यात आहेत.

एवढी सामग्री असून मराठीत भित्र्या शिपायाची ऐतिहासिक कादंबरी झाली नाही. याचं कारण शोधताना पुन्हा टेलरच भेटतो. हरिभाऊ आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीत पहिलं पाऊल टाकलं ते ‘म्हैसूरचा वाघ’नं, आणि तिचा आधार होता टेलरची १८४० सालची टिपू सुलतानावरची कादंबरी. एकाच माणसाच्या लेखनातून दोन वाटा निघाल्या. हरिभाऊंनी त्याच्याकडून गड, वेढे, राजदरबार घेतले आणि पुढे ‘गड आला पण सिंह गेला’पर्यंत पोचले. कबुली देणारा लबाड त्यांनी घेतला नाही. पारतंत्र्यात होरपळणाऱ्या समाजाला तेव्हा कणा ताठ करणारा माणूस हवा होता, हसण्याजोगा नको होता. हरिभाऊंची निवड मला पूर्ण पटते. पुढच्यांनी मात्र ती निवड नियम म्हणून चालवली. आमच्या ऐतिहासिक कादंबरीत भ्याड माणूस येतो तो फितूर म्हणून, आणि दोनचार प्रकरणांत त्याचं डोकं उडतं. त्याला स्वतःचं तोंड कुणी दिलं नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव भित्रा आहे आणि स्वतःच्या तोंडून बोलतो, पण त्याच्या हाती तलवार नाही आणि मागे इतिहास नाही.

त्या तोंडाची जागा हिंगोलीत रिकामी पडून आहे असं मला फार वाटतं. निजामी घोडदळाची रीत शिलेदारीची होती: घोडा स्वाराचा, हत्यार स्वाराचं, पगारातून त्यांची निगा. घोडा पडला की रोजगार गेला आणि कर्ज डोक्यावर बसलं. अशा स्वाराला पुढे धावण्याआधी दहादा विचार करायला स्वतःच्या जिवाबरोबर घोड्याचीही काळजी होती. समजा असा एक जण झाशीच्या तटापर्यंत गेला, तिथे पलीकडे आपलीच भाषा बोलणाऱ्या राणीची फौज पाहून हबकला, काही न करता बक्षीस मिळवून परतला आणि पेन्शनपुऱ्यात म्हातारा झाला. त्याची बोली हिंगोलीची, उर्दू मिसळलेली मराठवाडी. त्याला इंग्रजाचं निशाण राखायची हौस नाही, औरंगाबादेत तोफेच्या तोंडी गेलेल्या सोबत्यांची नावं मात्र पाठ आहेत. फ्लॅशमनला जे दुःख कधी शिवलं नाही ते याला आहे, आणि म्हणून याचा विनोदही निराळा होईल. लिहिणाऱ्यानं सुरुवात घोड्याच्या किमतीपासून करावी.